नापास गाडी आणि नमुना सात

मी तपासनीस क्रमांक चौदाशी लग्न केलं.

हे वाक्य चुकून आधी पडलं. तुम्ही ते वाचलेलं नाही. असं काही झालेलं नाही, होण्याची चिन्हंही नाहीत, आणि गोष्ट सुरू होते तेव्हा तर मी त्याला ओळखतसुद्धा नाही. तो पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे उभा आहे, त्याच्या हातात एक लांब नळी आहे आणि ती तो माझ्या आत्याच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये खुपसतो आहे. या अवस्थेत माणूस कितीही देखणा असला तरी ते पटकन लक्षात येत नाही.

खरं तर अशा वेळी पाऊस हवा. पाऊस नव्हता. धूर तपासणी केंद्राच्या शेजारी गाड्या धुण्याचं दुकान होतं. वारा आला की तिथल्या फवाऱ्याचं पाणी आमच्याकडे यायचं, त्यावर भागवावं लागलं. त्याच्या चष्म्यावर थेंब पडले. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, आणि परत डोळ्यांवर चढवण्याआधी एकदा माझ्याकडे बघितलं. चष्म्याशिवाय. म्हणजे त्याला बहुधा एक ढोबळ आकार दिसला असावा. तरी तो जरा जास्तच वेळ बघत होता.

"नापास," तो म्हणाला.

"कोण?"

"गाडी."

"कशामुळे?"

"ते मला सांगता येत नाही."

"माहीत नाही, की सांगता येत नाही?"

"माहीत आहे. पण तपासनिसाने दुरुस्तीचा सल्ला द्यायचा नाही, असा नियम आहे. मी फक्त आकडे वाचू शकतो."

"मग वाचा."

त्याने वाचले. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या तिप्पट होता, तो त्याने पाढा म्हटल्यासारखा उरकला. मग एका शब्दावर थांबला. "ऑक्सिजन..." तो म्हणाला. माझ्याकडे बघितलं. आणि पुन्हा, जरा हळू — "ऑक्सिजन." माझ्या डोळ्यांत बघून इतक्या कळकळीने वायूचं नाव आजवर कुणी घेतलं नव्हतं.

आत्याने गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अगं, त्याला दमा आहे का? पाणी दे जरा."

आता आत्याबद्दल. आत्या बायकांना गाडी चालवायला शिकवते. गाडी बावीस वर्षांची आहे आणि शेजारच्या सीटखाली आत्याचा स्वतःचा वेगळा ब्रेक आहे. तो तिने इतक्या वेळा दाबलाय की जेवताना पाणी सांडलं तरी तिचा पाय आपोआप खाली जातो. शिकवण्याचा परवाना तिच्या नावाचा असला तरी या गाडीला बांधलेला आहे. गाडी गेली की परवाना गेला, आणि साठीनंतर नवा मिळत नाही. आत्या एकसष्ट वर्षांची. तपासणीच्या चिठ्ठीमागे छापलं होतं: पंचेचाळीस दिवसांत तीन संधी, तिसऱ्यांदा नापास झाल्यास नोंदणी रद्द, वाहन भंगारात.

"एक गेली," आत्या चिठ्ठी वाचून म्हणाली. "माझ्या मुली पहिल्या परीक्षेत नापास होऊन आल्या की मी त्यांना काय सांगते?"

"काय सांगतेस?"

"काही नाही. मीच घाबरलेली असते."

गॅरेजवाल्याने गाडीखाली एकदाच डोकावून बघितलं. दोन्ही ऑक्सिजन सेन्सर गेलेत, म्हणाला. बदलता येतील, पण नळी इतकी गंजलीय की पाना लावला तर सगळंच हातात येईल, आणि ते आपल्या हातात यावं अशी त्याची इच्छा नव्हती. "गाडीच बदला," तो म्हणाला, आणि हात धुवायला गेला. हात खराब झालेलेच नव्हते.

तेव्हा मी ठरवलं की सेन्सर मीच बदलणार. मी दातांच्या कवळ्या बनवते. म्हणजे दवाखान्यात नाही, त्याच्या मागच्या खोलीत, जिथे माणसं येत नाहीत, फक्त त्यांचे जबडे येतात. अनोळखी माणसाच्या तोंडात मी केसाएवढा फरक न ठेवता काहीतरी बसवू शकते, तर सायलेन्सरमध्ये का नाही, असा माझा हिशोब होता. शिवाय सायलेन्सर नंतर फोन करून "चावताना दुखतं" म्हणत नाही.

वाचनालयातून या गाडीचं दुरुस्तीचं जुनं पुस्तक आणलं. काम साधं होतं. दोन सेन्सर असतात. पुढचा इंजिनाजवळ बसतो आणि धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. मागचा, धूर शुद्ध करणाऱ्या डब्याच्या पलीकडे बसून, डबा काम करतोय की झोपलाय एवढंच बघतो. म्हातारपणी पुढच्याला उगाच सगळीकडे हवाच हवा वाटू लागते, आणि कॉम्प्युटर बिचारा त्याच्या शब्दावर पेट्रोल ओतत राहतो.

एक शंका मात्र पुस्तकाने सोडवली नाही. मी केंद्रावर गेले. तिथे चौकशीची खिडकी चार ते पाच उघडी असायची. खिडकीत तोच बसला होता. खिशावर बिल्ला: चौदा.

"मला नियमांविषयी विचारायचंय," मी म्हणाले.

"विचारा."

"इंजिन गरम असताना सेन्सरला पाना लावायला नियमात मनाई आहे का?"

त्याने पेन खाली ठेवलं. मागे बघितलं. मग खूप विचार करून म्हणाला, "गरम असताना... हात भाजण्याबद्दल नियम काही म्हणत नाहीत."

"थंड असताना?"

"थंड असताना गंज सुटण्याबद्दलही ते गप्प आहेत."

"आणि कोमट असताना?"

"कोमट असताना..." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "कोमट असताना नियमांना काहीही हरकत असण्याचं कारण मला दिसत नाही."

"आदल्या दिवशी गंजावर तेल मारून ठेवलं तर?"

"मी असतो तर हरकत घेतली नसती. पण मी नाही आहे. म्हणजे — तिथे. मी इथे आहे."

"ते दिसतंय."

पुढच्या आठवड्यात मी चार वेळा गेले. आट्यांना वंगण लावावं की नाही. सेन्सरच्या टोकाला बोट लागलं तर काय होतं. शेवटच्या दिवशी माझ्याकडचे प्रश्न संपले होते, म्हणून ट्रॅक्टरचे नियम विचारले. त्याने तेही सांगितले. मी लिहून घेतले.

"तुझा तो नापास काय म्हणतो?" घरी आत्याने विचारलं.

"माझा नाहीये तो."

"बरं. ट्रॅक्टर कधी घेतेयस?"

रविवारी सकाळी गाडी अंगणात घेतली. दहा मिनिटं इंजिन चालवलं, कोमट होऊ दिलं, चाकांमागे लाकडी ठोकळे लावले, जॅकने पुढचा भाग उचलला, खाली आधाराचे स्टँड ठेवले आणि मी खाली सरकले. वायर जाण्यासाठी उभी फट असलेला पाना सेन्सरवर बसवला आणि ओढला. काही झालं नाही. दोन्ही हातांनी ओढला. काही झालं नाही. मग मी आडवी होऊन दोन्ही पाय गाडीच्या चौकटीला लावले आणि अख्खी लटकले. बावीस वर्षांचा गंज एकदम किंचाळला. वर आत्याही किंचाळली, पण तिचं म्हणणं पडलं की ती गाडीला साथ देत होती. पुढचा सेन्सर काजळीने काळा झालेला निघाला. मागचा निघायला तास लागला, आणि माझ्या केसांत जो गंज पडला तो पुढे तीन दिवस उशीवर मिळत होता.

नवे दोन्ही बसवले. आट्यांना वंगण, टोकाला बोटसुद्धा नाही. आता फक्त वायरी जोडायच्या उरल्या. दोन्ही वायरी वर येऊन इंजिनामागे शेजारी-शेजारी दोन खाचांत बसतात, आणि खाचा जुळ्या बहिणींसारख्या एकसारख्या. मी बोनेट उघडून गाडीच्या पुढे, इंजिनाकडे तोंड करून उभी राहिले. आत्या सीटवर बसून पुस्तक वाचत होती.

"पुढचा सेन्सर कुठल्या खाचेत?"

"उजवीकडच्या," आत्या म्हणाली.

मी जोडला. इंजिन सुरू केलं. जरा अडखळलं, पण नवीन चपलाही चावतात, म्हणून आम्ही मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या तपासणीत गाडी आधीपेक्षाही वाईट नापास झाली.

मशीनने असा आवाज काढला की शेजारचा फवारा थांबला. चौदाने चिठ्ठी काढली, बघितली, फाडली, पुन्हा काढली.

"मशीन बिघडलं असेल असं वाटलं," तो म्हणाला. "म्हणून दोनदा..."

"आणि?"

"मशीन ठीक आहे."

आत्याने चिठ्ठीची घडी केली, पर्समध्ये ठेवली, पर्सची चेन लावली, मग चेन उघडून चिठ्ठी आहे का ते बघितलं. तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं. ती गाडीत जाऊन बसली, आपल्या त्या शेजारच्या सीटवर, पाय ब्रेकवर.

मी बाहेरच्या बाकावर बसले. थोड्या वेळाने तो आला. त्याची जेवणाची सुट्टी होती. डब्यात उकडलेल्या अंड्यांचं सँडविच होतं. त्याने त्याचे दोन तुकडे केले, नीट बघितले आणि मोठा तुकडा मला दिला. बघण्याच्या बाबतीत तो काटेकोर होता.

"दोन्ही नवीन घातलेत मी," मी म्हणाले. "माझ्या हाताने."

"मला दिसलं. वेल्डिंगवाल्यासारखे झालेत हात."

"ही स्तुती आहे का?"

"निरीक्षण आहे. स्तुती करायची तर चार ते पाच यावं लागेल."

मी हसले नाही. मग थोडी हसले. मग विचारलं, "तिसऱ्यांदाही नापास झाली तर?"

"तर शिक्का मारायचा असतो. लाल."

"कोण मारतं?"

"जो तपासतो तो. मी."

"आणि तुम्ही माराल?"

सँडविचचा कोपरा त्याच्या हातात तसाच राहिला. "एक आकडा बदलला की पास होते," तो म्हणाला. "कुणाला कळणार नाही. काल रात्रभर... नाही, रात्रभर नाही, साडेअकरापर्यंत मी त्यावर विचार केला. नऊ वर्षांत असा विचार कधी आला नव्हता. कुणाच्याच गाडीबद्दल."

"मग काय ठरलं?"

"हेच ठरलं, की असा विचार आला हे काही ठीक नाही."

तो उठून गेला. मला त्याचा राग आला, आणि तो आकडा बदलणार नाही याचं बरंही वाटलं. दोन्ही एकाच पोटात, अंड्याच्या सँडविचवर.

पुढचे बारा दिवस मी चौकशीच्या खिडकीकडे फिरकले नाही. दुपारी कवळ्या घासायच्या, सकाळी गाडी उघडायची. सेन्सर पुन्हा काढले, पुन्हा लावले. नळीला कुठे भोक आहे का बघितलं. काही सापडेना. अखेर एक दिवस मी बोनेटसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "आत्या, पहिल्यापासून वाच. शब्द न् शब्द."

"पुढच्या सेन्सरची वायर डाव्या खाचेत," आत्याने वाचलं.

"डाव्या?"

"हो."

"तू मला उजव्या म्हणालीस."

"मग? डावं-उजवं ड्रायव्हरच्या सीटवरून धरतात. तू समोर उभी होतीस, तुझं सगळं उलटं. मी तुझ्यासाठी फिरवून सांगितलं. तीस वर्षं मुलींच्या समोर उभी राहून गाडी मागे घ्यायला शिकवतेय, मला काय कळत नाही?"

मी बोनेटचा दांडा धरून उभी राहिले. "आत्या, दातांच्या कामात उजवं म्हणजे पेशंटचं उजवं. समोरच्याचं. मी गाडीचं उजवं धरलं. मी पण फिरवलं."

आत्याने पुस्तक मिटलं. "म्हणजे तू माझा विचार केलास."

"आणि तू माझा."

"आणि गाडीचा कुणीच नाही."

दोन्ही वायरी उलट्या होत्या. मागचा सेन्सर इंजिनाचा कारभार हाकत होता आणि पुढचा शांतपणे डब्यावर नजर ठेवून होता. दोघंही खरंच बोलत होते, फक्त दुसऱ्याच्या खुर्चीवरून. मी वायरी बदलल्या. इंजिन सुरू झालं आणि इतकं मऊ चाललं की आत्याने ते बंद पडलं समजून पुन्हा किल्ली फिरवली.

त्रेचाळिसाव्या दिवशी आम्ही तिसऱ्यांदा केंद्रावर गेलो. आत्याने इस्त्रीची साडी नेसली होती. तिच्या मुली परीक्षेला जाताना ती अशीच नेसते.

चौदा आला. त्याने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, नळी उचलली... आणि परत हुकाला अडकवली.

"मी ही गाडी तपासू शकत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"आज सहा नंबरच्या बाई तपासतील."

सहा नंबरच्या बाईंची ख्याती मला खिडकीवरच्या रांगेत कळली होती. त्यांनी एकदा अग्निशमन दलाची गाडी नापास केली होती. आग चालू असताना. बाकावर बसून अर्धं सँडविच देणारा माणूस ऐन वेळेला अंग काढून घेतो, हे मी मनात कुठल्या रकान्यात टाकावं ते कळेना.

"का?" मी विचारलं. "भीती वाटते?"

"हो," तो म्हणाला. त्याच्या हातात एक कागद होता. तो त्याने सहा नंबरच्या बाईंना दिला.

बाईंनी कागद हात लांब करून वाचला. त्या सगळंच मोठ्याने वाचतात, असं नंतर कळलं. "नमुना सात. हितसंबंध जाहीर करणे. तपासनिसाचे वाहनमालकाशी नाते." त्यांनी वर बघितलं. "गाडीची मालक कोण?"

"मी," आत्या म्हणाली.

बाईंनी आत्याकडे आणि चौदाकडे आळीपाळीने बघितलं. "यांच्याशी?"

"नाही नाही," चौदा म्हणाला. "गाडी घेऊन येणाऱ्या व्यक्तीशी."

"तरीच," आत्या म्हणाली. "माझं कुठलं एवढं नशीब."

"रक्ताचं नातं, विवाहाचं, व्यवहाराचं, की वैर?" बाईंनी विचारलं. "एकावरही खूण नाही. समासात काय लिहिलंय हे?"

"ते... तिथेच वाचलं तर..."

बाईंनी वाचलंच. एकाच सुरात, जसा कार्बन मोनॉक्साइड वाचतात तसं: "नाते अद्याप काही नाही. परंतु ही व्यक्ती आली की यंत्राकडे लक्ष राहत नाही. आकडे चांगले यावेत अशी इच्छा होते. ती आली नाही त्या बारा दिवसांचे आकडेही नीट आठवत नाहीत. अशा माणसाने तपासणी करू नये."

फवारा चालू होता. वारा आला. चष्म्यावर थेंब पडले, पण या वेळी त्याने चष्मा काढला नाही. कदाचित मला ढोबळ बघणं त्याला बरं वाटत असावं.

"खाली एक रकाना आहे," बाई मला म्हणाल्या. "संबंधित व्यक्तीचं म्हणणं. भरल्याशिवाय मी नळी लावणार नाही."

मी पेन मागितलं. त्याने दिलं. पेन कोमट होतं. मी लिहिलं: 'हरकत नाही.' मग वाटलं, एवढंच लिहून भागणार नाही, म्हणून पुढे लिहिलं: 'ट्रॅक्टर घ्यायचा नव्हता.' सही केली.

त्याने वाचलं. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "तरी मी सगळे नियम सांगितले."

"तुम्ही... की तू?"

"तू चालेल."

"गप्प बसा," सहा नंबरच्या बाई म्हणाल्या आणि नळी लावली.

आत्याने डोळे मिटले. तिचा पाय हवेतच खाली गेला, नसलेल्या ब्रेकवर. मी तिचा हात धरला. चौदा नियमानुसार पट्ट्याच्या बाहेर उभा होता, पाठ फिरवून, दोन्ही हात मागे बांधून, आणि त्या हातांची बोटं एकमेकांत इतकी घट्ट अडकली होती की पांढरी पडली होती. मशीन घरघरलं. चिठ्ठी बाहेर आली. बाईंनी ती वाचली, उलटी करून बघितली, सुलटी केली.

"पास," त्या म्हणाल्या. "जेमतेम. पण जेमतेमचा वेगळा शिक्का आमच्याकडे नाही."

आत्या खाली बसली. खुर्ची नव्हती, ती सरळ पिवळ्या पट्ट्यावरच बसली, इस्त्रीच्या साडीसकट, आणि बराच वेळ उठली नाही. मग म्हणाली, "अगं, साडेपाचला शिकायला मुलगी यायची आहे. चल लवकर." आणि चौदाकडे वळून: "तुम्हीही या. मागे बसा. पट्टा लावा. बडबड करायची नाही, मुलगी नवीन आहे."

तो मागे बसला. मीही. नव्या मुलीने गाडी तीन वेळा बंद पाडली, आणि दर वेळी आमचे खांदे एकमेकांवर आपटले. तिच्याबद्दल मला अजून आदर आहे.

पुढचं तुम्ही वाचलेलं नाही असं ठरलंय, म्हणून ते मी सांगत नाही. एवढंच सांगते की समासातले ते शब्द त्याने स्वतः तोंडाने कधी उच्चारले नाहीत. आग्रह केला की म्हणतो, "नोंद झालेली आहे." आणि परवा, जेवता जेवता, त्याने सहज सांगितलं की केंद्राची कागदपत्रं दहा वर्षं ठेवतात आणि मग यंत्रात घालून त्यांच्या पट्ट्या करतात. मी हातातला घास खाली ठेवला. म्हणून हा अर्ज.

प्रति,
माननीय केंद्रप्रमुख,
वाहन धूर तपासणी केंद्र.

विषय: नमुना सातची मूळ प्रत मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करते की, आपल्या कार्यालयाच्या दप्तरात तपासनीस क्रमांक चौदा यांनी भरलेला एक नमुना सात जमा आहे. सदर कागद आपल्या दृष्टीने हितसंबंधांची नोंद असला तरी अर्जदाराच्या दृष्टीने ते तिला आलेलं एकमेव प्रेमपत्र आहे. सदर तपासनीस नियमाने वागणारे असल्याने त्यांच्याकडून दुसरी प्रत निघण्याची शक्यता नाही. तरी सदर कागद नष्ट न करता मूळ स्वरूपात, समासासकट, अर्जदाराच्या ताब्यात देण्यात यावा, ही नम्र विनंती. झेरॉक्स चालणार नाही.

कळावे,
गाडी घेऊन येणारी व्यक्ती